लंडनची प्रदक्षिणा : एका रस्त्याचा इतिहास

इंग्लंडच्या रस्त्यांचा नकाशा मिळाला तर तो वर्गाच्या भिंतीवर लावावा आणि विद्यार्थ्यांना लंडन शोधायला सांगावे. नाव वाचण्याआधीच ते त्यांना सापडेल, कारण या शहराभोवती एक जाड निळी रेघ कड्यासारखी बसलेली आहे. उत्तरेकडून, पश्चिमेकडून, दक्षिणेकडून येणारे मोठाले मोटारवे या रेघेला येऊन मिळतात. ही रेघ म्हणजे एम-२५ हा रस्ता. त्याची लांबी सुमारे १९० किलोमीटर आहे. मुंबईहून निघून पुणे ओलांडून आणखी तीसचाळीस किलोमीटर पुढे जावे, एवढा हा प्रवास. फरक इतकाच की हा रस्ता कोठेच जात नाही. आपण जेथून निघालो तेथेच तो परत आणून सोडतो.

ब्रिटनमध्येही वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारी वाहने या रस्त्याच्या बाहेरच्या अंगाने धावतात आणि लंडन त्यांच्या उजव्या हाताला राहते. म्हणजे ही अगदी रीतसर प्रदक्षिणा झाली! उलट्या दिशेची वाहने आतल्या अंगाने जातात. मग प्रदक्षिणा घालणाऱ्याला किती जास्त अंतर तोडावे लागते, असा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. दोन्ही बाजूंच्या मध्यरेषांत २० मीटर अंतर धरले, तर फरक २π × २०, म्हणजे सुमारे १२५ मीटर निघतो. १९० किलोमीटरांत फक्त १२५ मीटर! आणि वर्तुळ दसपट मोठे केले तरी उत्तर तेच राहते. मुलांना हे सहसा खरे वाटत नाही.

आणखी एक हिशेब करू. परीघ १९० किलोमीटर असेल तर त्रिज्या सुमारे ३० किलोमीटर यायला हवी. प्रत्यक्षात हा रस्ता लंडनच्या मध्यापासून उत्तरेला पॉटर्स बारपाशी जेमतेम २० किलोमीटरवर आहे, तर नैर्ऋत्येला बायफ्लीटपाशी ३१ किलोमीटरवर. सरासरी २५ धरली तर परीघ १६० किलोमीटरांच्या आसपास भरला असता. म्हणजे हे वर्तुळ नव्हे. हे एक दबलेले, नागमोडी, ओबडधोबड कडे आहे. आग्नेयेकडील सेव्हनओक्स गावाजवळ तर गंमतच आहे. पश्चिमेकडून येणारा चालक तेथे नाकासमोर सरळ गेला तर एम-२६ या वेगळ्याच रस्त्यावर पोहोचतो; एम-२५ वर राहायचे असेल तर त्याला वळून बाजूच्या फाट्याला लागावे लागते. शेकडो कोटींचा हिशेब करून बांधलेला रस्ता असा का झाला? याचे उत्तर भूगोलात नाही, इतिहासात आहे.

मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या तेव्हापासूनच लंडनच्या गल्ल्या अपुऱ्या पडत होत्या. शहराबाहेरून वळसा घालणारा रस्ता असावा ही कल्पनाही तेवढीच जुनी आहे. १९३७ साली सर चार्ल्स ब्रेसी या रस्ते-अभियंत्याने वास्तुशिल्पी सर एडविन लट्येन्स यांच्या साहाय्याने लंडन परिसरातील रस्त्यांची मोठी पाहणी केली. लट्येन्स म्हणजे आपली नवी दिल्ली आखणारेच. या पाहणीत बाह्य वर्तुळमार्गाची शिफारस होतीच. पण तिच्यात आणखी एक छोटी नोंद होती आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची. लंडनच्या पश्चिमेस १९२५ साली ‘ग्रेट वेस्ट रोड’ हा नवा प्रशस्त रस्ता खुला झाला होता. जुन्या, अरुंद रस्त्यावरची गर्दी त्याने कमी होईल अशी अपेक्षा होती. ब्रेसींना काय आढळले? नवा रस्ता सुरू होताच जुन्या रस्त्यावर जेवढी वाहने होती त्याच्या साडेचारपट वाहने नव्या रस्त्यावर आली, आणि जुन्या रस्त्यावरची वाहने मात्र मुळीच कमी झाली नाहीत. पुढे दोन्ही रस्त्यांवरची गर्दी वाढतच गेली.

ही नोंद लक्षात ठेवावी. पुढची पन्नास वर्षे ती जवळजवळ कोणीच लक्षात ठेवली नाही.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असतानाच शहराच्या पुनर्रचनेचे आराखडे तयार होत होते. नगररचनाकार पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांच्या १९४४ च्या बृहद् लंडन योजनेत एकाबाहेर एक अशी वर्तुळे आणि त्यांना छेदणारे अरीय रस्ते होते. कोळ्याचे जाळेच म्हणा ना. युद्धानंतर पैसा नव्हता, त्यामुळे योजना कपाटात राहिली. १९६० नंतरच्या दशकात मोटारी भराभर वाढू लागल्या तेव्हा ती पुन्हा बाहेर आली. आता तिचे नाव ‘रिंगवे’ झाले. शहराच्या अगदी मध्यभागाला वेढणारा पहिला, त्याच्या बाहेर दुसरा, मग तिसरा आणि सर्वांत बाहेर चौथा, असे चार वर्तुळमार्ग ग्रेटर लंडन कौन्सिल आणि सरकार मिळून बांधणार होते.

कागदावर ही वर्तुळे सुबक दिसत. पण पहिला रिंगवे भरवस्तीतून जाणार होता आणि त्यासाठी हजारो घरे पाडावी लागणार होती. त्याचा नमुना लंडनकरांना १९७० साली पाहायला मिळाला. त्या वर्षी वेस्टवे हा खांबांवरून जाणारा रस्ता खुला झाला. काही ठिकाणी तो घरांच्या खिडक्यांपासून इतक्या जवळून गेला की उद्घाटनाच्या दिवशी रहिवाशांनी, आम्हाला या नरकातून बाहेर काढा, अशा अर्थाचे फलक आपल्या घरांवर लावले. बृहद् लंडनच्या विकास आराखड्यावर तेव्हा सुमारे २८ हजार हरकती आल्या; त्यांतील बहुसंख्य रस्त्यांविरुद्धच होत्या. या विरोधात केवळ घर जाण्याचे दुःख नव्हते, अभ्यासही होता. वाहतूक-अर्थशास्त्रज्ञ जे. मायकल थॉमसन यांनी १९६९ सालीच एक पुस्तक लिहून असा इशारा दिला होता की हे रस्ते बांधल्याने गर्दी हटणार नाही. जे लोक आज आगगाडीने किंवा बसने जातात ते मोटारी काढतील. १९७३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने ग्रेटर लंडन कौन्सिल जिंकली आणि शहरातले रिंगवे रद्द झाले.

उरले ते शहराबाहेरचे तुकडे. तेथे वस्ती विरळ होती, बराचसा भाग हरितपट्ट्याचा होता आणि हरकत घेणारेही त्या मानाने थोडे. तिसऱ्या रिंगवेचा उत्तरेकडील व पूर्वेकडील भाग आणि चौथ्या रिंगवेचा दक्षिणेकडील व पश्चिमेकडील भाग, असे दोन वेगवेगळ्या वर्तुळांचे अर्धे अर्धे तुकडे एकमेकांना जोडायचे आणि एकच रस्ता करायचा, असे १९७५ मध्ये ठरले. उत्तरेला रस्ता लंडनच्या जवळ आणि नैर्ऋत्येला दूर का, याचा उलगडा आता होईल. सेव्हनओक्सचे ते चमत्कारिक वळणही या शिवणीवरच पडले आहे. दोन जुन्या सदऱ्यांचे अर्धे भाग जोडून एक सदरा शिवला तर तो असाच बसायचा.

या रस्त्याचा पहिला छोटा तुकडा १९७५ सालीच साउथ मिम्स ते पॉटर्स बार असा सुरू झाला होता. पुढची अकरा वर्षे तुकड्यातुकड्यांनी काम चालले. प्रत्येक तुकड्यासाठी जाहीर सुनावणी घ्यावी लागे. अशा एकूण ३९ सुनावण्या झाल्या. एपिंगच्या जंगलापाशी तर झाडे आणि गावाचे क्रिकेटचे मैदान वाचवावे म्हणून रस्ता बोगद्यात घातला गेला. आजही तेथे वर क्रिकेट चालते आणि खालून मालमोटारी धावतात. टेम्स नदीवर डार्टफर्ड येथे १९६३ आणि १९८० साली बांधलेले दोन बोगदे आधीच होते, त्यांचाच उपयोग करण्यात आला. नदी ओलांडण्याचा हा भाग कागदोपत्री मोटारवे नाही; त्याचा क्रमांक ए-२८२ असा वेगळा आहे. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर एम-२५ चे वर्तुळ आजही पुरे झालेले नाही.

२९ ऑक्टोबर १९८६ रोजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी शेवटचा तुकडा खुला केला. एकूण खर्च सुमारे ९१ कोटी पौंड झाला होता. आधी सुरू झालेल्या भागांवर एव्हाना गर्दी दिसू लागली होती आणि वर्तमानपत्रांतून टीकाही होत होती. थॅचरबाईंनी उद्घाटनाच्या भाषणात अशा टीकाकारांना चांगलेच फटकारले. एवढे भव्य काम उभे राहिले असताना कौतुक करायचे सोडून उणी काढत बसणारी माणसे आपल्याला सहन होत नाहीत, असा त्यांचा एकूण सूर होता.

उणी काढणाऱ्यांना फार वाट पाहावी लागली नाही. रस्ता दिवसाला जास्तीत जास्त ८८ हजार वाहने जातील असा हिशेब धरून आखला होता. १९९३ साली त्याच्या सर्वाधिक वर्दळीच्या भागावरून दिवसाला २ लाख वाहने जात होती. हा आकडा किती मोठा आहे ते पाहू. मोटारवेच्या एका पदरावरून तासाला साधारण २,००० वाहने जाऊ शकतात; म्हणजे दर १.८ सेकंदाला एक. सहापदरी रस्त्यावरून, दोन्ही दिशा मिळून, तासाला १२ हजार झाली. २ लाखांना १२ हजारांनी भागले तर उत्तर येते पावणेसतरा. असा रस्ता रोज जवळजवळ सतरा तास काठोकाठ भरून, मध्ये क्षणभरही न अडखळता वाहिला तरच हा भार पेलेल. पण काठोकाठ भरलेला रस्ता न अडखळता वाहत नाही, आणि तो का वाहत नाही याकडे आपण पुढे येणारच आहोत. लंडनकरांनी एव्हाना एम-२५ ला जगातले सर्वांत मोठे मोटारतळ म्हणायला सुरुवात केली होती.

तज्ज्ञांचा अंदाज इतका कसा चुकला? ते अडाणी नव्हते. त्यांची बेरीज-वजाबाकीही चुकलेली नव्हती. चूक होती ती गणित सुरू करण्याआधीच्या एका गृहीतात. लोकांचे प्रवास ठरलेले आहेत, असे त्यांनी धरले होते. अमक्या गावातून तमक्या गावाला रोज इतकी वाहने जातात; नवा रस्ता झाला की त्यांतली इतकी त्यावरून जातील; शिवाय देशात मोटारी वाढतील म्हणून दरवर्षी इतके टक्के मिळवावेत. अर्थात वाहतूक म्हणजे पुराचे पाणी आणि रस्ता म्हणजे पाट. पाणी ठरावीक आहे, पाट रुंद केला की पातळी उतरणार.

पण पाट रुंद झाल्याची बातमी पाण्याला कळत नाही. माणसांना कळते. समजा, एका गावाहून लंडनच्या पलीकडच्या बाजूला जायला शहरातून दीड तास लागतो. तेवढा त्रास सोसून रोज जाणारे थोडेच असतील. बाकीचे जवळची नोकरी धरतात, आगगाडीने जातात, पहाटे निघतात किंवा जाणेच टाळतात. ही सारी माणसे वाहनांच्या गणतीत दिसत नाहीत, कारण गणती रस्त्यावर उभी राहून होते आणि ती तर रस्त्यावर आलेलीच नाहीत. आता नवा रस्ता झाला आणि तोच प्रवास पाऊण तासावर आला. आगगाडीने जाणाऱ्याने मोटार काढली. पहाटे निघणारा सावकाश चहा घेऊन आठला निघू लागला. पलीकडच्या गावातली चांगली नोकरी कोणी स्वीकारली. प्रत्येक नवा माणूस बाकीच्या सर्वांना थोडा थोडा उशीर करतो, आणि प्रवासाचा वेळ पुन्हा लोकांना नकोसा होईपर्यंत ही भर चालू राहते. तराजू समतोल होतो, पण तो गर्दीच्याच बाजूला.

यापुढची पायरी अधिक पक्की असते. १९९० साली डार्टफर्डच्या उत्तरेला, थर्रॉक येथे लेकसाइड हे प्रचंड खरेदी-केंद्र उघडले. १९९९ साली नदीच्या दक्षिणेला ब्लूवॉटर. गिऱ्हाइके एम-२५ वरून येणार हे धरूनच ही केंद्रे तेथे बांधली गेली. गोदामे आली, कचेऱ्या आल्या. लांबच्या प्रवाशांसाठी काढलेल्या वळणरस्त्याचा उपयोग आसपासचे लोक एक-दोन जंक्शनांपुरता, घरच्या रस्त्यासारखा करू लागले. अशा वेळी प्रवास रस्ता शोधत नाही. रस्त्यामुळे प्रवास जन्माला येतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच हे नियमासारखे मांडले होते : शहरातील द्रुतगती रस्त्यावरची ऐन वेळेची गर्दी रस्त्याची क्षमता गाठेपर्यंत वाढते. तरीही ब्रिटिश सरकारच्या १९८९ च्या श्वेतपत्रिकेत, २०२५ पर्यंत वाहतूक ८३ ते १४२ टक्क्यांनी वाढणार, तेव्हा तेवढे रस्ते बांधलेच पाहिजेत, असा सूर होता. पाच वर्षांतच सूर बदलला. सरकारच्याच सल्लागार समितीने डिसेंबर १९९४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. ही समिती इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सॅक्ट्रा’ म्हणून ओळखली जाई. नव्या रस्त्यांमुळे नवी वाहतूक निर्माण होते, विशेषतः आधीच गर्दी असलेल्या भागात, आणि हे धरले नाही तर रस्त्याच्या फायद्यांचा हिशेब चुकतो, असे तिने स्पष्ट म्हटले. एम-२५ चा अनुभव समितीपुढे होताच. त्यानंतर काही महिन्यांतच, १९९५ मध्ये, हीथ्रो विमानतळाजवळ हा रस्ता चौदापदरी करण्याची योजना सरकारने मागे घेतली. ग्रेट वेस्ट रोडच्या त्या नोंदीतले सत्य अधिकृत व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. रस्तेबांधणीचे समर्थक म्हणतात, चार वर्तुळे हवी होती तेथे तुम्ही एकच बांधू दिलेत. चौघांचे ओझे एकाच्या डोक्यावर टाकून तो वाकला म्हणून हसता? यात तथ्य नाही असे नाही. शिवाय एम-२५ झाल्यामुळे कितीतरी लहान गावांतून घुसणारी अवजड वाहने बाहेर गेली, आणि नव्याने प्रवास करू लागलेल्या माणसालाही त्या प्रवासाचा काही लाभ होतच असतो. तेव्हा रस्ता वाया गेला असे कोणी म्हणू नये. पण गर्दी हटवण्यासाठी म्हणून तो बांधला, ते मात्र साधले नाही. आणि आणखी तीन वर्तुळे बांधून ते साधले असते, असे मानायला आधार दिसत नाही. अमेरिकेतील शहरांच्या आकडेवारीवरून डुरांटन आणि टर्नर यांनी २०११ साली दाखवून दिले की रस्त्यांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांवरून धावणाऱ्या वाहनांचे एकूण अंतरही वाढते.

आता अडखळण्याच्या प्रश्नाकडे वळू. एम-२५ वरच्या चालकाचा नेहमीचा अनुभव असा : वाहने अचानक थांबतात, दहा मिनिटे मुंगीच्या पावलाने सरकतात आणि मग एकाएकी रस्ता मोकळा होतो. पुढे पाहावे तर ना अपघात, ना खोदकाम. मग कोंडी कशाची होती?

याचे गणित १९५५ साली मँचेस्टर विद्यापीठातील जेम्स लाइटहिल आणि जेरल्ड व्हिदम यांनी मांडले. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी जोडीने दोन लेख लिहिले. पहिला लांब नद्यांतील पुराच्या लाटांवर, दुसरा लांब रस्त्यांवरील वाहतुकीवर. म्हणजे पाण्याची उपमा सर्वस्वी खोटी नव्हती. किती वाहने रस्त्यावर येतील हे पाण्याच्या हिशेबाने कळत नाही. पण आलेली वाहने कशी वाहतील हे मात्र बरेचसे कळते.

त्यांच्या विचाराचा गाभा आठवीच्या मुलालाही समजेल. एका किलोमीटरात किती वाहने आहेत ही घनता. घनतेला वेगाने गुणले की तासाला किती वाहने जातात तो प्रवाह मिळतो. एका पदरावर किलोमीटरला २० वाहने असतील आणि वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर प्रवाह २,०००. घनता ४० झाली की चालक बिचकून वेग ५० वर आणतात. प्रवाह तरीही २,०००. घनता ८० झाली की वेग २० वर येतो आणि प्रवाह घसरून १,६०० होतो. म्हणजे ज्या वेळी अधिक वाहने जायला हवीत नेमकी त्याच वेळी रस्त्यावरून कमी वाहने जातात! अशा भरलेल्या रस्त्यावर एखाद्याने पदर बदलताना जरा जोरात ब्रेक दाबला की मागचा थोडा अधिक जोरात दाबतो, त्याच्या मागचा आणखी जोरात, आणि विसाव्या मोटारीला पुरते थांबावे लागते. पहिला मात्र कधीच निघून गेलेला असतो. कोंडीची ही लाट वाहनांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहते.

जपानी संशोधकांनी २००८ साली हे प्रत्यक्ष करून दाखवले, तेही वर्तुळावरच. २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर २२ मोटारी ठेवल्या आणि चालकांना सारख्या वेगाने जायला सांगितले. कोठेही अडथळा नव्हता. थोड्याच वेळात काही मोटारी थांबू लागल्या आणि थांबलेल्या मोटारींचा तो पुंजका ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलटा फिरू लागला.

हा प्रयोग मोटारींवाचून शाळेच्या मैदानावरही करता येईल. फक्कीने आठ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. त्याचा परीघ सुमारे ५० मीटर भरेल. त्यावर आधी दहा मुले एकामागे एक चालवावीत. पुढच्याच्या पाठीकडे पाहून चालायचे, पुढे जायचे नाही, एवढाच नियम. मग मुलांची संख्या वीस, तीस, पस्तीस अशी वाढवत न्यावी आणि अधूनमधून एका मुलाला दोन सेकंद थांबायला सांगावे. बाकीचा वर्ग पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पाहील. एका ठरावीक खुणेपाशी उभे राहून मिनिटाला किती मुले पुढे गेली ते दोघांनी मोजावे आणि प्रत्येक वेळचा आकडा फळ्यावर लिहावा. घनता आणि प्रवाह यांचा आलेख त्यातून काढता येईल.

एम-२५ च्या व्यवस्थापकांनी या शास्त्राचा उपयोग १९९५ साली केला. नैर्ऋत्येच्या भागात रस्त्यात तारांची वेटोळी पुरून वाहने मोजायला सुरुवात झाली आणि गर्दी वाढू लागली की डोक्यावरच्या कमानींवर कमी वेगमर्यादेचे आकडे उजळू लागले. एरवीची मर्यादा ताशी ७० मैल. ती आधी ६०, मग ५०, आणि वेळ पडली तर ४० वर येई. पोहोचायला उशीर होत असताना हळू जा म्हणणे चालकांना सुरुवातीला खुळेपणाचे वाटले. पण सगळे एकाच वेगाने जाऊ लागले की पदर बदलण्याची धडपड कमी होते, ब्रेक कमी लागतात आणि लाटा उठायच्या थांबतात किंवा निदान दुबळ्या होतात. नवा पदर न बांधता मिळालेला हा दिलासा होता, आणि तो बराच स्वस्तही पडला.

अर्थात नवे पदर बांधणे काही थांबले नाही. हीथ्रोजवळचा भाग २००५ पर्यंत काही ठिकाणी दहापदरी, काही ठिकाणी बारापदरी झाला. २००९ साली तीस वर्षांचा एक मोठा करार होऊन उत्तरेकडचे लांबलचक भाग आठपदरी करण्यात आले. डार्टफर्डला १९९१ सालीच टेम्सवर पूल झाला होता. तेव्हापासून दक्षिणेकडे जाणारी वाहने पुलावरून आणि उत्तरेकडे जाणारी दोन्ही बोगद्यांतून जातात. टोलनाक्यावरच्या रांगा इतक्या वाढल्या की २०१४ मध्ये नाके काढून कॅमेऱ्यांनी क्रमांक टिपण्याची पद्धत सुरू झाली. त्याच वर्षी दोन भागांत, वाहन बिघडले तर थांबायला ठेवलेली कडेची राखीव पट्टीही रहदारीला देऊन टाकली गेली. बिघडलेले वाहन धावत्या पदरातच उभे राहण्याची भीती लोकांच्या मनातून गेली नाही आणि २०२३ मध्ये सरकारने अशा प्रकारचे नवे रस्ते करणे देशभर थांबवले.

लंडनच्या संशोधकांनी मधल्या काळात या प्रश्नाची उलट बाजूही तपासली होती. नव्या रस्त्याने वाहतूक निर्माण होत असेल, तर रस्ता बंद केल्याने ती नाहीशी व्हायला हवी. सॅक्ट्राचे एक सदस्य फिल गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली, जेथे जेथे रस्ते अरुंद केले गेले किंवा बंद झाले अशा अनेक ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बऱ्याच ठिकाणी त्यांना आढळले की बंद रस्त्यावरची सगळी वाहने शेजारच्या रस्त्यांवर सापडत नाहीत. त्यांतला काही भाग हरवतो. ठिकाणाप्रमाणे आकडे फार बदलत होते, म्हणून पुष्कळांनी शंकाही घेतली.

एम-२५ वर असा प्रसंग यायला २०२४ साल उजाडले. एक पूल पाडायचा होता म्हणून १५ मार्चच्या रात्रीपासून शनिवार-रविवारभर १० व्या आणि ११ व्या जंक्शनांमधला सुमारे ८ किलोमीटरांचा रस्ता दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद ठेवण्यात आला. रस्ता खुला झाल्यापासून, सदतीस वर्षांत, ठरवून दिवसाढवळ्या असे प्रथमच घडत होते. वर्तमानपत्रांनी हाहाकाराचे भाकीत केले. अधिकाऱ्यांनी आठवडाभर आधीपासून, अगदी गरज असेल तरच मोटार काढा, अशी विनवणी चालवली होती. वळणमार्गावरच्या गावांनी धास्ती घेतली होती. शनिवार उजाडला, पूल पाडण्याचे काम सुरू झाले, आणि आसपासच्या रस्त्यांवर अपेक्षेपेक्षा बरीच कमी वाहने दिसली. लोक घरीच थांबले होते.